फ्लोरीनचा अडत्या



हिंगणघाटच्या बाजार समितीत तूर-सोयाबीनच्या गाड्या येऊ लागल्या, की काय होते हे आपल्या वर्धा जिल्ह्यातील मुलांना सांगायला नको. एका बाजूस शेतकरी, दुसऱ्या बाजूस खरेदीदार आणि मध्ये अडत्या. तो दोघांची गाठ घालतो, सौदा जुळवतो आणि मोकळ्या हाताने पुढच्या गाडीकडे वळतो. रसायनशास्त्रातही असे अडते आहेत. ते म्हणजे धातू. त्यांनी जुळवलेला एक अवघड सौदा आज पाहू : फ्लोरीन आणि कार्बन यांचा.

सौदा अवघड का?

फ्लोरीन आपल्याला परका नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड, हे खनिज सापडते. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त झाले, की मुलांच्या दातांवर डाग पडतात, हेही तुम्ही ऐकले असेल. पण फ्लोराइड म्हणजे एक इलेक्ट्रॉन मिळवून तृप्त झालेला फ्लोरीन. शिवाय पाण्यातील रेणू त्याला चहूबाजूंनी घट्ट धरून ठेवतात. तो कार्बनकडे सहसा वळत नाही.

याउलट मुक्त फ्लोरीन वायू अत्यंत उग्र. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉयसाँ याने तो १८८६ मध्ये प्रथम वेगळा केला. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. हा वायू सेंद्रिय पदार्थाला भिडला, की बहुधा त्याची राखरांगोळीच होते. म्हणजे एक अति सुस्त, तर दुसरा अति तापट!

पण बंध एकदा जुळला, की तो पक्का असतो. तो तोडण्यास दर मोलला सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. कार्बन-हायड्रोजन बंधास सुमारे ४१३, तर कार्बन-क्लोरीन बंधास सुमारे ३२८ पुरतात. म्हणूनच अनेक औषधांत व कीटकनाशकांत फ्लोरीन योजतात. कपाशीवरील तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे फ्लोनिकॅमिड हे त्याचे घरचे उदाहरण.

धातू काय करतो?

बेल्जियमच्या स्वार्ट्‌स याने १८९० नंतरच्या दशकात अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याचे फ्लोराइड वापरले. ते आपला फ्लोरीन कार्बनला देते आणि त्याच्याकडील क्लोरीन काढून घेते. याच वाटेने पुढे शीतकपाटातील फ्रेऑन तयार झाला. त्यातील क्लोरीनने ओझोनचा थर विरळ केला, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो क्रमाने बंद करण्यात आला.

बेंझीनच्या कड्याला फ्लोरीन जोडणे याहून कठीण. कड्यावर इलेक्ट्रॉनांची दाटी आणि फ्लोराइडही ऋणभारित. मग ते जवळ कसे येणार? अमेरिकेत बुकवाल्ड यांच्या गटाने २००९ मध्ये पॅलेडियम योजला. तो एका हाताने कडे धरतो, दुसऱ्या हाताने फ्लोराइड. दोघांची गाठ पडते आणि पॅलेडियम पुढच्या जोडीसाठी मोकळा होतो. यालाच उत्प्रेरक म्हणतात. हा अडत्या अडतही घेत नाही!

घड्याळाशी शर्यत

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. या विषयात मी डोकावलो तो फ्लोरीन-१८ मुळे. हा किरणोत्सारी फ्लोरीन सायक्लोट्रॉनमध्ये तयार करतात. त्यातून निघणारा पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटताच दोघेही नाहीसे होतात आणि जवळजवळ विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. ते टिपून शरीरातील रोगाची जागा दाखवणारे यंत्र म्हणजे पेट स्कॅनर. मुंबईला परळ येथे २००२ मध्ये देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला.

पण फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य केवळ ११० मिनिटे! समजा, परळहून निघालेली कुपी रेल्वेने १२ तास ५० मिनिटांनी वर्ध्यास पोहोचली. ही झाली ७७० मिनिटे, म्हणजे ७ अर्धायुष्ये. उरला किती? फक्त १२८ वा भाग. म्हणून सायक्लोट्रॉन रुग्णालयाच्या जवळ हवा आणि रासायनिक क्रियाही झटपट हवी.

कर्करोगाच्या तपासणीतील नेहमीच्या शर्करेला हा फ्लोरीन धातूच्या मध्यस्थीवाचून जोडता येतो. कंपवाताच्या तपासणीत लागणाऱ्या फ्लोरोडोपामध्ये मात्र तो बेंझीनच्या कड्यावर बसवावा लागतो. ऑक्सफर्डमधील गुव्हर्नूर यांच्या गटाने २०१४ मध्ये तांब्याच्या साहाय्याने हे साधून दाखवले. कड्यावर आधी बोरॉनचा गट असतो. तांबे त्याची जागा घेते आणि तेथे फ्लोराइड आणून बसवते. घरच्या हंड्याकळश्यांतले तांबे या कामाला आले!

आता तुम्ही सोडवा : प्रयोगशाळेतील क्रियेला ५५ मिनिटे लागली, तर किती टक्के फ्लोरीन-१८ उरेल? घाईने ७५ म्हणू नका. पहिल्या ५५ मिनिटांत जेवढ्या पटीने घट होते, तेवढ्याच पटीने पुढच्या ५५ मिनिटांतही होते आणि शेवटी निम्मा उरतो. २ चे वर्गमूळ आठवा, म्हणजे उत्तर ७१ च्या जवळ का येते ते कळेल. आणि क्रियेतील प्रत्येक वाचलेले मिनिट रुग्णाच्या उपयोगी का पडते, तेही कळेल.