उपेक्षा म्हणजे परित्याग नव्हे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चतुर्विध वैद्यवृत्ती सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. येथे 'प्रकृती' म्हणजे मरण, असा अर्थ टीकाकार चक्रपाणी घेतात. मृत्यूकडे निघालेल्याच्या बाबतीत वैद्याने निष्फळ चिकित्सेचा हट्ट धरू नये, एवढाच याचा आशय. त्यात दयामरणाचे समर्थन शोधणे आम्हांस मान्य नाही. औषध थांबविणे वेगळे, प्राण जावा म्हणून औषध देणे वेगळे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यापासून २०१५ पर्यंत शय्येवर होत्या. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अन्न थांबविण्यास नकार दिला. तोवर ३७ वर्षे परिचारिकांनी त्यांना एकही शय्याव्रण होऊ दिला नव्हता! २०१८ च्या निकालाने निष्फळ उपचार विहित पद्धतीने थांबविण्यास व वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता मिळाली. प्राणघातक औषध देणे मात्र गुन्हाच राहिला.

आपल्याकडे हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. "वैद्यराज, आता यांची सुटका होईल असे काही द्या." थकलेल्या नातेवाइकांवर रागावू नये; पण वत्सनाभ वा अहिफेनयुक्त कल्पांची मात्रा वाढवू नये, आणि औषधालय चालकांनी असे कल्प चिठ्ठीविना देऊच नयेत. नकार दिल्यावर रुग्णाच्या घरी जाणे वैद्याने थांबवू नये. मुखशुद्धी, वेळोवेळी कूस बदलणे, मलावरोधाकडे लक्ष, व्रणावर जात्यादि तैल हे घरच्यांना स्वतः दाखवावे. वेदना असह्य असल्यास वेदनाशमन केंद्राकडे विनाविलंब पाठवावे.