वीज सांठविणाऱ्या कंपन्या आणि आपला सात-बारा

सूर्यप्रकाशापासून, वाऱ्यापासून वीज उत्पन्न करणाऱ्या व ती सांठवून ठेवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांस जमीन द्यावी कीं न द्यावी, दिल्यास विकावी कीं भाड्यानें द्यावी, असा प्रश्न मंडळाच्या कांहीं सभासदांनीं आम्हांस विचारला आहे. आमचें आयुष्य महसूल खात्यांतील दप्तरें चाळण्यांत गेलें. यंत्रविद्या आम्ही शिकलों नाहीं. परंतु जमीन कोणत्या कागदानें जाते व कोणत्या कागदानें राहते, हें पुष्कळ पाहिलें आहे. त्या आधारानें हा विषय क्रमाक्रमानें मांडतों.

प्रथम वीज सांठविण्याची गरज कां पडते तें पाहूं. सूर्याची वीज दिवसां मिळते, दुपारीं सर्वांत अधिक. वाऱ्याची वीज वारा असेल तेव्हां. परंतु घरोघर दिवे, पंखे व यंत्रें यांची मागणी दिवस मावळल्यावर वाढते. भात झोडून कणगींत भरावा व वर्षभर खावा, तशी वीज कणगींत भरतां येत नाहीं. म्हणून दुपारची जास्तीची वीज खर्चून खालच्या तलावांतील पाणी पंपानें वरच्या तलावांत चढवावयाचें, आणि सायंकाळीं तेंच पाणी खालीं सोडून चक्रें फिरवावयाचीं, ही युक्ति योजिली जाते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी, चारशें मीटर खालीं उतरलें तर सुमारें एक युनिट वीज मिळते. चढवितांना खर्च झालेल्या चार युनिटांपैकीं सुमारें तीन परत मिळतात. एक वाटेंत जातें. हा तोटा असूनही दुपारची स्वस्त वीज सायंकाळीं महाग विकली जाते, म्हणून धंदा परवडतो.

या धंद्यास उंच कडा व त्याच्या पायथ्याशीं जागा लागते. सह्याद्रीनें ती आपल्या दारांत उभी करून ठेविली आहे. शहापूर तालुक्यांतील चोंढें येथें घाटघर प्रकल्पाचा खालचा तलाव आहे. वरचा तलाव घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यांतील घाटघर येथें, प्रवरेच्या उगमाकडे. राज्य शासनानें जपानच्या कर्जाच्या साह्यानें बांधलेला हा प्रकल्प 2008 सालीं चालू झाला. त्यांत 125 मेगावॅटचे दोन संच आहेत. दोनही पूर्ण भारानें एक तास चालले तर अडीच लाख युनिट वीज होते. आतां याच तत्त्वावर खासगी कंपन्या पुढें आल्या आहेत. इगतपुरी व शहापूर या दोन तालुक्यांच्या हद्दीवरील भावली प्रकल्प 1500 मेगावॅटचा योजिलेला असून, त्याची वीज सांठविण्याची क्षमता घेण्याचें संमतिपत्र महावितरणनें 2024 सालीं जे. एस. डब्ल्यू. एनर्जी या कंपनीस दिलें. रोज आठ तास म्हणजे एक कोटी वीस लाख युनिटांचा तो हिशेब आहे. शिवाय 2023 च्या जूनमध्यें राज्य शासनानें एन. एच. पी. सी. व टॉरेंट पॉवर यांच्याशीं अशाच प्रकल्पांचे करार केले. त्यांत काळू, कर्जत, मावळ, जुन्नर हीं आपल्या आसपासचीं नांवें आहेत. तेव्हां हा विषय दूरचा नव्हे.

आपल्या तालुक्याचा अनुभव मात्र विसरतां येणार नाहीं. भातसा, तानसा व वैतरणेवरील धरणें आपल्याच डोंगरांत आहेत. मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वांटा एकट्या भातशाचा. तरी उन्हाळा आला कीं आपल्या कित्येक पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून विजेच्या कंपनीस शत्रु समजूं नये, तसा देवही समजूं नये. आपल्या पदरांत काय पडतें तें कागदावर पाहावें. मुळशीच्या मावळांत टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 सालीं सेनापति बापटांनीं सत्याग्रह केला, तोही याच प्रश्नासाठीं. वीज मुंबईची आणि बुडणारें शेत मावळ्याचें, हा तो प्रश्न होता.

आतां पैशाचें गणित. सौर प्रकल्पास एका मेगावॅटमागें चार ते पांच एकर सपाट, सलग व सावलीविरहित जमीन लागते. तीवर वर्षास सुमारें पंधरा लाख युनिट वीज होते. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेच्या 2023 च्या दुसऱ्या टप्प्यांत खासगी जमिनीस दर हेक्टरीं किमान 1,25,000 रुपये वार्षिक भाडें ठरविलें असून, पहिल्या वर्षाच्या दरावर दरवर्षीं तीन टक्के सरळ वाढ आहे. आपल्याकडे हेक्टरीं 25 क्विंटल भात धरला व 2025-26 चा 2,369 रुपये हमीभाव मिळाला असें मानलें, तर ढोबळ उत्पन्न 59,225 रुपये होतें; त्यांतून मजुरी, खत व नांगरट वजा. म्हणजे भाडें दुपटीहून अधिक. यांत फसवणूक कांहीं नाहीं, हें मोकळेपणानें कबूल करतों.

परंतु हिशेब तेथेंच थांबवूं नये. वाढ दरवर्षीं 3,750 रुपये. पंचविसाव्या वर्षीं भाडें 2,15,000 रुपये होईल. बाजारांतील महागाई जर वर्षास पांच टक्के धरली, तर त्या रकमेंत आजच्या 67 हजारांइतकाच माल येईल. म्हणजे पहिल्या वर्षीं मिळणाऱ्या भाड्याची किंमत निम्म्यापर्यंत उतरते. भात महाग झाला तर शेतकऱ्याचें उत्पन्नही वाढतें. भाडें मात्र कागदावरील टक्क्यानेंच वाढतें. म्हणून खासगी कंपनीशीं बोलतांना चक्रवाढ मागावी, अथवा दर पांच वर्षांनीं फेरविचाराचें कलम घालावें.

वाऱ्याच्या चक्क्यांस मनोऱ्याच्या पायापुरती व रस्त्यापुरती जागा लागते. बाकीचें शेत पिकवितां येतें. पाणी सांठविण्याच्या प्रकल्पाची गोष्ट याहून निराळी. तलावाखालीं गेलेली जमीन पुन्हां दिसत नाहीं. तेथें भाडेपट्ट्याचा विचार गैरलागू आहे. तेथें किंमत, पुनर्वसन व पर्यायी जमीन हेच प्रश्न. खासगी कंपनीसाठीं शासनानें भूसंपादन करावयाचें असल्यास 2013 च्या कायद्यानें बाधित कुटुंबांपैकीं 80 टक्क्यांची संमति लागते, व बाजारभावानें काढलेल्या किंमतीवर तितकीच दिलासा रक्कम मिळते. ही संमति हेंच आपलें खरें बळ होय. ती एकेकट्यानें दिली तर तिची किंमत नाहींशी होते.

आपल्या तालुक्यांस लागू असलेले कांहीं निर्बंध सर्वांनीं पाठ करावेत. शहापूर तालुका व मुरबाडचीं कांहीं गावें अनुसूचित क्षेत्रांत आहेत. तेथें भूसंपादनापूर्वीं ग्रामसभेशीं विचारविनिमय करणें 1996 च्या पेसा कायद्यानें आवश्यक आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणें आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस पांच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यानें देण्यासही जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. त्याहून लांब मुदतीस व विक्रीस शासनाची पूर्वमान्यताही लागते. 2006 च्या वनहक्क कायद्यानें मिळालेली जमीन वारसांस जाते, पण विकतां येत नाहीं. हे निर्बंध डावलून केलेला व्यवहार पुढें रद्द होतो, आणि पैसे घेणाराच अडचणींत येतो.

आमच्या नोकरींतील एक प्रकरण सांगतों. एका खात्यावर मृत आजोबांचें नांव तसेंच होतें. पांच नातवंडांपैकीं दोघांनीं एका दलालाकडून बयाणा घेतला व कोऱ्या कागदावर अंगठे दिले. उरलेल्या तिघांनीं हरकत घेतली. वारसनोंद, वांटणी व मोजणी होईपर्यंत वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत ना जमीन पिकली, ना भाडें आलें. भावाभावांचें बोलणें मात्र बंद झालें. दोष दलालाचा होताच. पण वारसनोंद वेळेवर केली असती तर त्याला तेथें पाय ठेवावयास जागाच नव्हती.

यावरून सहीपूर्वीं पुढील गोष्टी पाहाव्या.

1. सात-बारा, आठ-अ व फेरफार स्वतः काढून वाचावे. वारसनोंद, पोटहिस्सा व हद्दमोजणी आधीं पुरी करावी. जमीन भोगवटादार वर्ग 1 ची कीं वर्ग 2 ची, तें पाहावें.

2. करार कोणत्या कंपनीशीं होत आहे? मोठ्या कंपनीचें नांव सांगून सही बहुधा तिच्या लहान उपकंपनीची असते. आपला पट्टा दुसऱ्यास हस्तांतरित करावयाचा तर आपली लेखी संमति लागावी.

3. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच पाहिजे. कुलमुखत्यारपत्र दलालाच्या नांवें देऊं नये.

4. काम किती मुदतींत सुरू न झाल्यास जमीन मोकळी होईल, तें लिहून घ्यावें. नाहीं तर थोड्या बयाण्यावर शेत वर्षानुवर्षें अडकून पडतें.

5. कर्जासाठीं कंपनी आपला पट्ट्याचा हक्क गहाण ठेवील. आपली मालकी ठेवूं शकणार नाहीं, हें स्पष्ट असावें. भाडें थकल्यास व्याज काय, अकृषिक आकारणी कोणी भरावी, हेंही असावें.

6. मुदत संपल्यावर खांब, काँक्रीट व तावदानें काढून जमीन पूर्ववत् करून देण्याची जबाबदारी व त्यासाठीं अनामत रक्कम असावी. ओढा, बांध व वहिवाटीची वाट यांस धक्का लागूं नये.

शेवटीं एवढेंच. ज्याची थोडीच भातखाचरें आहेत, त्यानें तीं देऊं नयेत. माळ व वरकस जमीन असल्यास तिचा विचार करावा, तोही भाडेपट्ट्यानें, विक्रीनें नव्हे. पांच-दहा खातेदारांनीं मिळून, ग्रामसभेंत कागद मोठ्यानें वाचून, मगच बोलणें करावें. कंपनीकडे वकील आहेत. आपल्याकडे एकी व सात-बारा. एकीशिवाय सात-बारा कोणी सहज विकत घेतो, आणि सात-बाऱ्याशिवाय एकीस भाव मिळत नाहीं. दोनही जपून ठेवावीं.