‘मोडी’ वाचायला खर्च किती?

आजोबांना साखर, वडिलांना साखर आणि आता बावीस वर्षांच्या सडपातळ मुलीलाही. ‘घराण्यातच आहे’ म्हणून आपण विषय सोडून देतो. पण अशा घरात ‘मोडी’ असू शकतो. ही लिपी नव्हे. एकाच जनुकातल्या बदलाने होणारा हा मधुमेह आहे. आई-वडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के.

जनुक तपासणी महाग, म्हणून आधी स्वस्त चाळण्या लावा. दर खासगी लॅबचे, अंदाजे, शहरागणिक बदलतात.

मोडी कॅल्क्युलेटर : फुकट. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाचा. तो युरोपीय रुग्णांवरून बेतलेला आहे, म्हणून त्यातला मोडीच्या शक्यतेचा आकडा डॉक्टरांसोबतच वाचा.

सी-पेप्टाइड : ८०० ते १,५०० रु. शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं, ते कळतं. त्याच वेळची साखरही मोजून घ्या.

गॅड अँटीबॉडी : १,५०० ते ३,००० रु. पॉझिटिव्ह आली तर बहुधा टाइप १. पुढचा खर्च वाचला.

जनुक पॅनेल : १५,००० ते २५,००० रु. जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त, उपाशी राहायची गरज नाही. रिपोर्टला काही आठवडे लागतात.

पैसे वसूल कसे? जीसीके जनुकात बदल निघाला, तर उपाशीपोटीची साखर साधारण १०० ते १४५च्या दरम्यान राहते आणि गरोदरपण सोडलं तर सहसा औषध लागत नाही. एचएनएफ१ए निघालं, तर अनेकांचं इन्सुलिन सुटून ग्लिक्लाझाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळीवर भागतं. जनऔषधी केंद्रात जेनेरिकची चौकशी करा. मात्र इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.

पैसे भरण्याआधी विचारा : पॅनेलमध्ये कोणती जनुकं आहेत? समुपदेशन दरात धरलंय का? ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला, तर पुढे फेरविश्लेषणाचे पैसे पडतील का? ओपीडीतल्या तपासण्या बऱ्याच विमा पॉलिसींत बसत नाहीत. आपली आधी वाचा.

मोठा खर्च घरात एकदाच, आणि तोही ज्याला मधुमेह आहे त्याच्यावर. बदल सापडला, की भावंडांना फक्त तेवढाच तपासावा लागतो. काही हजारांत काम होतं. रिपोर्टची प्रत जपून ठेवा. उद्या चुलतभाऊ तपासणीला गेला, तर लॅब आधी तीच मागेल.