मालाचा व्हिडिओ वेबसाइटवर ठेवताना कोणता फॉरमॅट निवडावा?

पूर्वी परगावच्या व्यापाऱ्याला सोलापूरचा माल दाखवायचा तर नमुन्याची चादर पार्सलने पाठवावी लागे, नाहीतर पिशवी घेऊन स्वतः जावे लागे. आता खरेदीदार आधी विचारतो, "वेबसाइटवर व्हिडिओ आहे का?" आपल्या बऱ्याच व्यापारी बंधूंनी मुलाच्या किंवा पुतण्याच्या मदतीने वेबसाइट तयार केली, मोबाइलवर चादरी-टॉवेलांचे व्हिडिओ काढले आणि जसेच्या तसे वर चढवले. आम्हीही तेच केले आणि त्यात आमचे नुकसान झाले. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

घडले असे की, दक्षिणेकडील एका ठोक खरेदीदारांना जेकार्ड चादरींच्या सहा डिझाइन पाहायच्या होत्या. आम्ही घरातल्या नव्या मोबाइलवर व्हिडिओ काढला, वेबसाइटवर ठेवला आणि त्यांना कळवले. आमच्याकडे तो अगदी स्वच्छ दिसत होता. त्यांच्या पेढीवरच्या जुन्या संगणकावर मात्र पडदा काळा, नुसता मागाचा खटखट आवाज. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि ऑर्डर दुसरीकडे दिली. आम्हाला ही गोष्ट महिन्याने कळली, तीही बोलता बोलता. चूक आमचीच होती. समोरच्याच्या दुकानात काय चालते हे न विचारता आम्ही माल पाठवला होता.

फाइलच्या नावाशेवटी एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, वेबएम अशी अक्षरे असतात. लोक त्यालाच फॉरमॅट म्हणतात, पण ते केवळ गाठीवरचे बारदान आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे ही वेगळी बाब असून तिला कोडेक म्हणतात. बारदान तेच आणि आतला माल वेगळा, असे होऊ शकते. दोन्ही फाइलींच्या शेवटी एमपी४ लिहिलेले असते, तरी एक चालते आणि एक चालत नाही, याचे कारण बहुधा हेच.

दाबून भरण्याची गरज का, ते हिशेबाने पाहा. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे एक चित्र, दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला अशी २५ चित्रे धरली तर एका सेकंदाचे १५५ एमबी झाले. हे कोण पाठवणार आणि कोण उतरवून घेणार? म्हणून कोडेक एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत जेवढा बदल झाला तेवढाच नोंदवतो. चादर स्थिर ठेवून कॅमेरा सावकाश फिरवला तर बदल थोडा, फाइल लहान आणि चित्र स्वच्छ. हातात धरून चादर झटकत राहिलात तर तेवढ्याच जागेत फार माहिती कोंबावी लागते आणि डिझाइन फुटते.

आता निवडीकडे येऊ. आमचा सल्ला सरळ आहे: बारदान एमपी४, चित्रासाठी एच.२६४ कोडेक, आवाजासाठी एएसी. एच.२६४ हे मानक २००३ सालचे. वीस वर्षांहून जुने असल्यामुळेच ते जुन्या संगणकापासून स्वस्त मोबाइलपर्यंत जवळजवळ सगळीकडे चालते. त्यानंतर २०१३ मध्ये एच.२६५ आले. त्यात तेवढ्याच दर्जाची फाइल बरीच लहान होते, म्हणून अनेक नवे मोबाइल तेच वापरतात. आयफोनमध्ये २०१७ पासून ही सोय आहे. क्रोम ब्राउझरने मात्र ते २०२२ मध्ये स्वीकारले, तेही संगणकात त्याची यंत्रणा असेल तरच. आमच्या काळ्या पडद्याचे मूळ इथे होते. आयफोन वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे. फाइल मोठी होईल, पण उघडेल.

वेबएम २०१० मध्ये गूगलने आणले आणि एव्ही१ २०१८ मध्ये आले. दोन्ही चांगली आहेत, पण जुन्या उपकरणांवर भरवसा नाही. वेबसाइट करणारा जाणकार असेल तर त्याने ही फाइल जोडीला ठेवावी, एमपी४च्या ऐवजी नव्हे. एव्हीआय १९९२ सालचे, त्याचा विचार नको. फ्लॅशवर चालणारे जुने व्हिडिओ ज्यांच्या वेबसाइटवर अजून असतील त्यांनी ते आजच काढावेत. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद झाले आणि तिथे आता रिकामी चौकट दिसते. काही कारखानदारांकडे जुन्या व्हीसीडीवर कारखान्याचे चित्रण आहे. ते ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असल्याने आठवण म्हणून ठीक, माल दाखवायला निरुपयोगी.

कापडवाल्यांसाठी यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. एच.२६४ मध्ये सहसा उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक ठिपक्याला असते, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकच. माणसाच्या चेहऱ्यात हे कळत नाही. काळ्या जमिनीवरच्या बारीक लाल रेघेत मात्र लगेच कळते, कारण रेघ पसरते आणि तिचा लाल मळकट होतो. सोलापुरी चादरीचा जीवच काठाच्या आणि मोराच्या रंगात असतो. म्हणून पूर्ण चादर एकदा दाखवून लगेच जवळ जावे आणि डिझाइनचा एकेक भाग पडदाभर घ्यावा. दुरून घेतलेल्या बारीक विणीवर नसलेल्या लाटाही उमटतात. टॉवेलचे फासे दाखवायचे असतील तर उजेड बाजूने यावा, समोरून नव्हे. नव्या मोबाइलमधील एचडीआर बंद करावे. त्यात काढलेला व्हिडिओ साध्या पडद्यावर पुष्कळदा फिका किंवा भडक दिसतो, आणि मग माल पोहोचल्यावर "रंग हा नव्हता" अशी तक्रार येते.

रंग खुलवणारे फिल्टर तर मुळीच नकोत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओलावा लागला, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. फिल्टरने रंग चढवणे हा त्याच जातीचा प्रकार आहे. गाणेही लावू नये. दुसऱ्याचे गाणे न विचारता वापरणे गैर, शिवाय बहुतेक ब्राउझर आवाजासह व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देत नाहीत. आम्ही मागाचाच आवाज ठेवतो.

आकाराचा अंदाज असा धरावा. १२८० बाय ७२० चा व्हिडिओ सेकंदाला २ मेगाबिट या दराने केला तर एका मिनिटाला १५ एमबी होतात. १९२० बाय १०८० साठी ४ मेगाबिट धरले तर ३० एमबी. एका डिझाइनला चाळीस सेकंद पुरतात, म्हणजे लहान आकारात १० एमबी. पाच मिनिटांचा एकच व्हिडिओ करण्यापेक्षा प्रत्येक डिझाइनचा वेगळा, नावात डिझाइन क्रमांक घातलेला व्हिडिओ बरा.

हे बदल करण्यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात 'वेब ऑप्टिमाइज्ड' अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नये. एमपी४ फाइलमध्ये कुठे काय आहे याची एक यादी असते आणि ती पुष्कळदा फाइलच्या शेवटी पडते. गाठीतल्या मालाची यादी तळाशी ठेवली तर सारी गाठ उपसावी लागते, तसे काही वेळा फाइल जवळजवळ पूर्ण उतरेपर्यंत व्हिडिओ सुरूच होत नाही. या खुणेने यादी वर येते.

आणखी एक सवय मोडावी लागेल. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ उतरवून तोच वेबसाइटवर टाकणारे पुष्कळ आहेत. तो वाटेत एकदा दाबला गेलेला असतो, वेबसाइटसाठी पुन्हा दाबला की चादरीची वीण उरत नाही. कारखान्यातून व्हिडिओ मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवावा. मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी, कारण दाबलेल्या फाइलमधून गेलेला तपशील परत मिळत नाही.

आमच्या दुकानात हिशेबाचा एक जुना संगणक आहे. तो विकायचा म्हणून मुले मागे लागली होती. आता नवा व्हिडिओ चढवला की आधी त्याच्यावर लावून पाहतो, शेजारी खरी चादर पसरून रंग ताडतो, आणि मगच परगावी कळवतो.