आधी आकडे वाचा, मग किंमत करा

लाकडी विमानपंखा घरात असेल किंवा कुणी विकायला आणला असेल, तर काचकागद आणि पॉलिशचा डबा आधी त्याच्यापासून लांब ठेवा. मी हे कळकळीनं सांगतो, कारण एका पंख्याची ओळख पुसली गेलेली मी स्वतः पाहिली आहे.

इंग्लंडमध्ये आमच्या शेजारच्या बाईंकडे पहिल्या महायुद्धातला पंखा होता. त्यांचे आजोबा तेव्हा विमानदळात होते. विकण्याआधी तो ‘नीट दिसावा’ म्हणून त्यांनी फर्निचर दुरुस्तीच्या एका दुकानात दिला. तिथं तो घासून आरशासारखा चकचकीत करण्यात आला. मग त्यांनी मला बोलावलं. टॉर्च तिरका धरून पाहिलं, तर हबवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, ‘२०० एचपी हिस्पानो’ एवढंच कसंबसं लागलं. ड्रॉइंग नंबर गेला होता. हे इंजिन एसई-५ए या लढाऊ विमानातही होतं आणि सॉपविथ डॉल्फिनमध्येही. त्या युद्धातले मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर डॉल्फिनच उडवत होते. जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये ते मृत्युमुखी पडले. समोरचा पंखा कोणत्या विमानाचा, हे सांगू शकणारा आकडा भुशात गेला होता. व्यापाऱ्यानं त्याला शोभेच्या वस्तूचा भाव दिला.

म्हणून पहिलं काम हब वाचण्याचं. ब्रिटिश पंख्यावर ड्रॉइंग नंबर, इंजिनाचं नाव, अश्वशक्ती, ‘डी’पुढे व्यास आणि ‘पी’पुढे पिच ठोकलेलं असतं. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबानं जितका पुढे सरकेल ते अंतर. जर्मन पंख्यावर अश्वशक्ती ‘पीएस’मध्ये असते, गरुडा, अ‍ॅक्सियल, हाइने ही तिथल्या कारखान्यांची नावं. फ्रेंच पंख्यावर शोव्हिएरचं ‘अँतेग्राल’ हे नाव आढळतं. कोरड्या मऊ कापडानं धूळ पुसा, बाजूनं उजेड टाका आणि प्रत्येक अक्षराचा फोटो घ्या.

दुसरं काम टेपचं. मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात आणि त्यांची बेरीज ठोकलेल्या व्यासाशी जुळायला हवी. जुळली नाही, तर टोकं कापलेली असण्याचा संशय घ्या.

तिसरं, लाकूड पाहा. खरा पंखा अक्रोड, महॉगनी, अ‍ॅश अशा लाकडाचे थर चिकटवून मग कोरलेला असतो. त्यामुळे थरांच्या रेषा पात्याच्या वळणाबरोबर वाहतात. पात्याचा पीळ हबजवळ जास्त, टोकाकडे कमी असतो. सारखाच पीळ, हलकं लाकूड आणि ठोकलेल्या आकड्यांऐवजी चकचकीत पितळी पट्टी दिसली, तर ती वस्तू बहुधा दिवाणखान्यासाठीच बनवलेली आहे. पात्यावर चिकटवलेल्या कारखान्याच्या चिन्हावर नुसता भरवसा ठेवू नका; तशी चिन्हं आजही छापून मिळतात. इंजिनावर बसलेल्या पंख्याच्या हबवर मात्र फ्लँजचा, म्हणजे पंखा धरून ठेवणाऱ्या धातूच्या चकतीचा, दाब आणि बोल्टांच्या खुणा राहतात.

किंमत यानंतर. प्रसिद्ध लढाऊ विमानाशी नातं सिद्ध झालं, मूळ वॉर्निश आणि टोकांचं पितळ शाबूत असलं, आजोबांची पत्रं किंवा जुना फोटो सोबत असला, तर भाव चढतो. हबमध्ये घड्याळ बसवायला भोक वाढवलं असेल तर उतरतो. निव्वळ जुनेपणाला फार भाव नाही, कारण सुटे भाग म्हणून पंखे मोठ्या संख्येनं बनले आणि बरेच टिकले. विक्रेत्यानं मागितलेल्या आकड्यावर जाऊ नका. तशाच पंख्याला लिलावात प्रत्यक्ष काय मिळालं ते शोधा.

आणि आजोबांची गोष्ट ठाऊक असलेलं माणूस घरात असेल, तर ती आजच लिहून, तारीख घालून, फोटोंबरोबर ठेवा. आकडे विमानाची ओळख देतील. माणसाची ओळख त्या कागदावरच राहील.