जोरहाटला निघालेल्यांसाठी

सोलापूरची एक मुलगी पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करायला आसामात जोरहाटला गेली. भाषा आणि जेवण यांची मनाची तयारी तिने घरूनच केली होती. घड्याळाची मात्र केली नव्हती, आणि पहिल्यांदा नडलं ते घड्याळच.

देशभर वेळ एकच, सूर्य मात्र एका वेळी उगवत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. सोलापूर त्याच्या पश्चिमेला, जोरहाट पूर्वेला, आणि दोन्हींमध्ये अठरा अंशांचं अंतर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर जोरहाटचा सूर्य सोलापूरच्या जवळजवळ सव्वा तास पुढे असतो. जूनमध्ये तो पहाटे साडेचारच्या आधी उगवतो आणि डिसेंबरात संध्याकाळी साडेचारच्या आत मावळतो. चहाच्या मळ्यांनी यावर फार पूर्वीच तोड काढली. काही मळ्यांत आजही घड्याळं एक तास पुढे ठेवून कामं चालतात. त्याला ‘चायबागान टाइम’ म्हणतात.

तिचं काम पाण्यावरचं, त्यामुळे प्रश्न नुसत्या झोपेजेवणाचा राहिला नाही. बीलमध्ये, म्हणजे नदीकाठच्या पाणथळ तळ्यांत, विरघळलेला प्राणवायू मोजायचा होता. पाणवनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात आणि रात्रभर सगळे जीव तो नुसता वापरतात. म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी तो सर्वांत कमी असतो आणि दुपारनंतर सर्वांत जास्त. ती सोलापूरच्या सवयीने सकाळी सातला तळ्यावर पोहोचायची आणि वहीत ‘पहाटेचं मोजमाप’ असं लिहायची. जूनमध्ये तिथे सातला सूर्य वर येऊन अडीच तास उलटून गेलेले असतात. त्या महिन्याचे आकडे तिला पुन्हा घ्यावे लागले. आता वहीत घड्याळाच्या वेळेशेजारी आणखी एक रकाना आहे: सूर्योदयाला किती वेळ झाला. पूर्वेकडे पाणी, माती किंवा पक्षी यांवर काम करायला जाणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हा रकाना आखून घ्यावा.

ऋतूंचंही तसंच. महाराष्ट्रात ‘मान्सूनपूर्व नमुने’ म्हटलं की एप्रिल-मे डोळ्यांसमोर येतो: आटलेल्या विहिरी, तळाला गेलेलं पाणी. सोलापूरला वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि तोही जूननंतरचा. जोरहाटला सुमारे दोन हजार मिलिमीटर पडतो आणि त्यातला मोठा वाटा मार्च ते मे या महिन्यांतल्या वादळी सरींचा असतो. बोहाग बिहूच्या सुमाराला, एप्रिलच्या मध्यात, येणाऱ्या वादळाला तिथे ‘बरदैसिला’ म्हणतात. तिथलं खरं कोरड्या दिवसांतलं पाणी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मिळतं. संशोधनाचा आराखडा घरबसल्या केलेला असेल, तर त्यातले महिने तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवावेत. तो पाच मिनिटांत सांगेल की मेमध्ये ही वाट चिखलात असते आणि जुलैमध्ये पाण्याखाली.

पण तिला सगळ्यांत जास्त शिकावं लागलं ते माजुलीतल्या हापशाकडून, कारण तिथलं पिण्याचं पाणीही तिला तपासायचं होतं.

माजुली हे ब्रह्मपुत्रेतलं बेट. गिनेसने २०१६ साली त्याची जगातलं सर्वांत मोठं नदीबेट म्हणून नोंद केली, तेव्हा क्षेत्रफळ ८८० चौरस किलोमीटर सांगितलं गेलं. एका शतकापूर्वी ते १२०० हून अधिक होतं. १५ ऑगस्ट १९५०च्या महाभूकंपानंतर नदीत प्रचंड गाळ आला, पात्र उथळ झालं आणि काठ ढासळण्याचा वेग वाढला. इथली मिसिंग समाजाची घरं खांबांवर उभी असतात, त्यांना ‘चांगघर’ म्हणतात. पुराचं पाणी खालून जातं. घरापाशी हापसा, त्याचा ओटा तांबूस-केशरी झालेला, शेजारच्या अॅल्युमिनियमच्या भांड्यात पाणी राहील तिथवर गंजासारखं वर्तुळ. हापशातून पाणी येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ दिसतं. थोडा वेळ बादलीत ठेवलं की पिवळट होतं आणि तळाशी तांबडा साका बसतो. जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह विरघळलेलं राहतं. वर हवा लागली की त्याचं न विरघळणारं रूप होतं. चहा या पाण्याचा केला तर काळपट पडतो, कारण चहातलं टॅनिन लोहाला धरतं. पांढरे कपडे दोन-तीन धुण्यांत पिवळे होतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातलं क्षारांचं जड पाणी पीत वाढलेल्या मुलीला हे सगळं नवं होतं.

धोका लोहाचा नाही, त्याच्या सोबतीचा आहे. हिमालयातून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून आर्सेनिकही येतं. गाळ तरुण आहे, त्यात कुजणारा पालापाचोळा भरपूर आहे. हवा संपली की लोह विरघळतं आणि आर्सेनिक मोकळं होतं. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, त्यात माजुली आणि जोरहाटजवळच्या तिताबर भागातही, ते मर्यादेहून जास्त सापडलं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की त्वचेवर डाग, तळहातांवर गाठी आणि पुढे कर्करोगापर्यंत आजार.

आता नमुना घेण्याची गोष्ट, कारण इथेच नवखे लोक फसतात. बाटली भरली, बूच लावलं आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत नेली, तर तोवर लोह तळाशी बसलेलं असतं आणि बसताना बरंचसं आर्सेनिक सोबत घेऊन गेलेलं असतं. वरचं पाणी तपासलं तर हापसा निर्दोष ठरतो. चूक बाटलीची, आणि भोगणार ते घर. म्हणून हापसा आधी काही मिनिटं चालवून साठलेलं पाणी काढून टाकायचं, नमुना तिथल्या तिथे ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचा आणि लगेच शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घालून सामू दोनच्या खाली आणायचा. हे काम ओट्यावर उभं राहून, पावसात, मुलांच्या घोळक्यात करावं लागतं. गावात जाण्याआधी आपल्या वसतिगृहाच्या नळावर त्याची तालीम करावी, असं ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते.

दुसरी गोष्ट तिला एका घरातल्या आजीने दाखवली. हापशाचं पाणी ती घरात तसं पीत नव्हती. ओट्याच्या कडेला रेती, कोळसा आणि खडी यांचे थर भरलेलं पिंप होतं, पाणी त्यातून झिरपून खालच्या घागरीत पडायचं. ही गाळणी आसामात घरोघरी दिसते. लोह त्यात अडकतं आणि त्याच्याबरोबर काही आर्सेनिकही. किती, ते थरांवर, रेती शेवटची कधी धुतली यावर आणि पाण्यात लोह किती यावर ठरतं. म्हणजे हापशाचा नमुना जमिनीची गोष्ट सांगतो, घागरीचा नमुना पोटात काय जातं ते सांगतो. तेव्हापासून ती प्रत्येक घरातून दोन बाटल्या घेते. तिच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या पिंपावर उभं आहे.

त्याच आजीने तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि विड्याचं पान, पुढे केलं आणि विचारलं, “माजनी, पानी भाल ने?” पोरी, पाणी चांगलं आहे ना?

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही अभ्यासक्रमात नसतं. ज्या घराने बसायला पाट दिला, भात वाढला, तिथल्या बाईला ‘नमुने प्रयोगशाळेत गेल्यावर कळेल’ म्हणून निघून यायचं आणि आकडे पुढे एखाद्या शोधनिबंधात छापायचे, हे तिच्या मनाला पटलं नाही, आणि ते बरोबरही नव्हे. उलट जागेवर रंगाच्या पट्टीने केलेली तपासणी पाहून ‘पाणी विषारी आहे’ म्हणणंही चूक. ती पट्टी अंदाज देते, आणि एका वाक्याने घराची झोप उडते. मग तिने आणि तिच्या मार्गदर्शकांनी पद्धत ठरवली. गावात शिरण्याआधी गावबुढ्याला, म्हणजे गावप्रमुखाला भेटायचं. निकाल कधी येतील ते आधीच सांगायचं. प्रयोगशाळेत पक्का झालेला आकडा त्या घरी स्वतः जाऊन, त्यांच्या भाषेत, कागदावर लिहून द्यायचा, आणि आरोग्य अभियांत्रिकी खात्याला कळवायचा. सोबत पुढचं पाऊलही सांगायचं: पिण्याचं आणि रांधण्याचं पाणी कुठल्या जवळच्या सुरक्षित हापशावरून आणता येईल, आणि मुख्य म्हणजे उकळून आर्सेनिक जात नाही, पाणी आटल्याने उलट दाट होतं. हे शेवटचं वाक्य तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. उपायही दूर नाही. तेजपूर विद्यापीठात रॉबिन कुमार दत्ता यांनी खाण्याचा सोडा, पोटॅशियम परमँगनेट आणि फेरिक क्लोराइड वापरून घरगुती पद्धत बसवली आहे, ‘आर्सिरॉन नीलोगन’ या नावाची. असं काही हाताशी ठेवूनच दारात जावं.

तामूल नाकारू नये. सवय नसेल तर चक्कर येते, हे तिथल्या लोकांनाही ठाऊक असतं. दोन्ही हातांनी घ्यावं आणि नंतर खाईन म्हणावं.

पैशांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. केंद्राच्या प्रमुख शिष्यवृत्त्यांत कनिष्ठ संशोधकाला जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडं मिळतं. कागदावर हे पुरेसं आहे. हातात मात्र ते दरमहा पडेलच असं नाही. पहिला हप्ता कित्येकांना महिनोन्महिने मिळत नाही आणि तिलाही मिळाला नाही. घरापासून दूर, ओळख नसलेल्या गावात किराणा उधारीवर मिळत नाही. किमान चार महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेवूनच निघावं, आणि रुजू झाल्याचा दाखला, बँकेचा तपशील, मार्गदर्शकांची सही यांच्या प्रती पहिल्याच आठवड्यात पाठवून पोच मागून घ्यावी.

सामानाचंही नियोजन हवं. आम्लं आणि ज्वालाग्राही रसायनं प्रवाशाला रेल्वेत नेता येत नाहीत, विमानातही नाही. ती तिथूनच मागवावी लागतात, आणि गुवाहाटीच्या पुढे माल पोहोचायला वेळ लागतो. पुरात रस्ता बंद पडला तर आणखी. नमुने गार ठेवायला ती माजुलीवरच्या कमलाबारीतल्या मासळीवाल्याकडून बर्फ घेते. तो आता विचारतोसुद्धा, आज किती बाटल्या म्हणून. हवेतल्या दमटपणाने पुस्तकांना बुरशी येते, कॅमेऱ्याच्या भिंगावर जाळी धरते. सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचे डबे हे चैनीचं सामान नाही. खोली बघायला गेलं की भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ कुठवर आहे ते बघावं. घरमालक सांगोत न सांगोत, भिंत सांगते.

जेवणाचं तसं लवकर जमलं. ज्वारीचं पीठ घरून येतं, पण दमट हवेत त्याला पोरकिडे होतात, म्हणून थोडं थोडं मागवायचं. आमसुलाची आठवण थेकेऱ्याने भागली. ते आपल्या कोकमाचंच भावंड आहे, माशाच्या आंबट रश्शात, टेंग्यात घालतात. जड गेला तो पहिला डिसेंबर. साडेचारला अंधार, प्रयोगशाळेतून निघायला सात, आणि खोलीत एकटी. घरी फोन केला की आई म्हणायची, “अगं, इथे तर आत्ताच दिवे लागलेत!” त्यातून वाट निघाली ती घरमालकिणीच्या मुलीमुळे. संध्याकाळी तिला गणित शिकवायचं, तिच्याकडून असमिया शिकायची. भाषा येऊ लागली तसं गावातलं कामही बदललं: दुभाष्याच्या तोंडून ‘पाणी ठीक आहे’ एवढंच कळायचं, स्वतः विचारल्यावर बायका रेती कधी बदलतात, पुरात हापसा बुडाल्यावर काय करतात हे सांगू लागल्या. थंडीत सकाळी सहाला उजाडल्याबरोबर बाहेर पडायचं आणि संध्याकाळ माणसांत घालवायची, एवढं केलं तरी तो महिना निभावतो.

तब्येतीचं एक महत्त्वाचं. आसामात जपानी मेंदूज्वराचे रुग्ण दरवर्षी पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये वाढतात. डास भातशेतीच्या पाण्यात वाढतात, आणि संशोधक नेमका तिथेच उभा असतो. मोठ्या माणसांसाठीही लस आहे. निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी, मच्छरदाणी तिथे गेल्या दिवशीच बांधावी.

आणि फेरी. जोरहाटकडच्या निमातीघाटाहून माजुलीत कमलाबारीला जाताना दर वेळी जीवरक्षक जाकीट मागून घ्यावं, कुणी हसलं तरी. ८ सप्टेंबर २०२१ला याच घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन प्रवासी नदीत पडले होते, त्यानंतर तिथे एकच इंजिन असलेल्या खाजगी बोटी बंद करण्यात आल्या. बेटाला जोडणाऱ्या पुलाची पायाभरणी त्याच वर्षी फेब्रुवारीत झाली आहे. पूल होईपर्यंत वेळ फेरीची. शेवटची फेरी दिवस मावळण्याच्या हिशेबाने सुटते आणि पाणी, धुकं, वारा यांवर बदलते, म्हणून सकाळी उतरतानाच तिची वेळ विचारायची. ती चुकलीच तर रात्री कुठल्या घरी थांबायचं, हे आधी ठरलेलं असावं आणि त्या घराचा फोन नंबर प्रयोगशाळेत कुणापाशी तरी असावा. कामाचा ओघ नदीच्या वरच्या अंगाला, सुबनसिरी या उपनदीच्या काठाने अरुणाचलात गेला, तर आसामबाहेर पडताना इनर लाइन परमिट लागतं. ते भारतीय नागरिकालाही चुकत नाही. अर्ज आधी करावा आणि परवान्याच्या दोन छापील प्रती जवळ ठेवाव्यात, कारण नाक्यावर फोनला रेंज असेलच असं नाही.