भोसल्यांचा जुना राजवाडा : परिसर-इतिहासाचा एक पाठ

नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांच्या जुन्या राजवाड्याचा पाठ घेताना शिक्षकास पहिलीच अडचण अशी येते की, ज्या वास्तूविषयी सांगावयाचे ती वास्तूच तेथे नाही. मागे एकदा सातवीची मुले घेऊन मी नगारखान्यासमोर उभा होतो. बराच वेळ माझे सांगणे झाल्यावर एका मुलीने विचारले, "गुरुजी, पण वाडा कोठे आहे?" पाठाचा आरंभ याच प्रश्नाने करावयास हवा होता, हे मला तेव्हा उमगले.

राजवाडा १८६४ मध्ये आगीत जळाला. काळ्या पाषाणाची ही वास्तू लाकडी कोरीवकामाने नटलेली होती. तिचे महाद्वार, म्हणजे नगारखाना, तेवढे मागे राहिले.

इतिहासाचा भाग थोडक्यात सांगावा. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले. पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी केली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेबांच्या फौजेचा पराभव झाला. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतर राजघराण्याचे हत्ती-घोडे येथेच विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात गेले. मुलांना सनावळी पाठ करावयास लावू नये. राज्य जाणे आणि वाडा जळणे यांत अवघ्या दहा वर्षांचे अंतर आहे, हे मात्र फळ्यावर वजाबाकी करून दाखवावे. रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य शासनाने घेऊन परत आणली, हे मुलांनी ऐकलेले असते. मग वाडाही परत आणता येईल काय, असे त्यांनाच विचारावे. उत्तरासाठी घाई करू नये.

आता ज्या भागावर खरा वेळ द्यावयाचा तो भाग. आपल्याकडील जुना वाडा पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर उभा असतो. भार खांब व तुळया वाहतात. भिंत त्यांच्यामध्ये भरलेली असते. म्हणून वाडा पडतो तो बहुधा वरून. एक कवेलू फुटते, पावसाचे पाणी तुळईच्या टोकाशी मुरते, तेथे वाळवी लागते, आणि काही वर्षांनी माळवद वाकते. वेळीच कवेलू बदलणे ही जतनाची पहिली पायरी होय, आणि सर्वांत स्वस्तही. दुसरी गोष्ट सिमेंटची. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. डागडुजी चुन्यानेच करावी. कोरीव खांबांना तैलरंग फासण्याची हौसही आवरावी. आमच्या शाळाखात्यातही ही हौस थोडी नाही!

प्रत्येक शाळेने नागपूरपर्यंत यावेच असे नाही. गावात पाटलाचा वाडा, जुनी धर्मशाळा, निदान एखादी पडवी असतेच. मालकाची परवानगी घेऊन मुलांकडून पावलांनी मोजमाप करवून घ्यावे, खांब मोजावेत, नकाशा काढवावा. घरातील वृद्ध स्त्रियांना अवश्य विचारावे. कोणत्या खोलीत धान्य, कोणत्या खोलीत बाळंतीण, हे त्यांनाच ठाऊक असते. पडक्या भागात मुलांना जाऊ देऊ नये.

माझ्या नोकरीच्या एका गावी शाळा कधीकाळी वाड्याच्या ओसरीवर भरत असे. पुढे तो वाडा पाडला गेला, खांब विकले गेले. मुलांनी केलेला नकाशा शाळेच्या कपाटात राहिला. त्यात ओसरीला अकरा खांब दाखविले होते आणि मी ती चूक समजून तांबड्या शाईने बारा केले होते. बारावा खांब फार पूर्वीच काढला गेला होता, हे वाडा पाडणाऱ्या सुताराने मला सांगितले. मुलांनी बरोबर मोजले होते.